तांब्याभर पाण्याचा दाब

१

हरिणीला वाटलं होतं, परत आल्यावर आपण शिकवू आणि गाव शिकेल. नॉर्वेतल्या एका थंड बंदरात सहा वर्षं काढून ती एकच विद्या घेऊन आली होती: समुद्रात उतरणाऱ्या छोट्या पाणबुड्यांच्या पंख्याची मोटर कोरडी कशी ठेवायची. बॅगेत कपडे कमी आणि पाणी अडवणारी सिरॅमिकची सीलं जास्त होती. मनात एक स्वच्छ, पांढरी प्रयोगशाळा होती आणि तिच्या दारात कौतुकाने उभी राहिलेली माणसं होती.

मिळाला तो तुकोजीमामाचा गाळा. कुंभकोणमहून नाचियार्कोविलला जाणाऱ्या रस्त्यावर, पितळी समयांच्या दोन दुकानांमध्ये दाबून बसवलेला. जमिनीवर उघडून ठेवलेले पंप, मागे पाण्याने भरलेलं पिंप, भिंतीवर विठ्ठलाची तसबीर आणि तिच्या खालच्या फळीवर झिजलेले शाफ्ट. चाळीस वर्षं मामा शेतकऱ्यांच्या मोटरी दुरुस्त करत आला होता. त्याने सिरॅमिकचं सील दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि आदराने परत दिलं.

"छान आहे की. अंगठी करून घाल," तो म्हणाला.

हरिणी हसली, पण ती हसण्यासाठी परतली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मुरुगैयन विहिरीत गेला होता. लहानपणी अरसलार नदीत तिला दम धरायला शिकवणारा, गाळ काढायला विहिरीत उतरणं हाच ज्याचा धंदा होता तो मुरुगैयन. खाली हवा नव्हती. बातमी तिला फोनवर कळली, बाहेर बर्फ पडत होता, आणि तिने तिथेच ठरवलं की आपल्या भागात माणसाच्या आधी यंत्र उतरेल. आता मुरुगैयनचा धाकटा भाऊ नटराज तेच काम करत होता. दुसरं कुठलं येत नव्हतं म्हणून.

यंत्र तयार होत आलं होतं. पीव्हीसी पाइपांची चौकट, तीन पंखे, एक कॅमेरा, एक दिवा. मोटरींची पितळी घरं शेजारच्या समईवाल्याने लेथवर कातून दिलेली. मामा त्याला कासव म्हणायचा. आणि कासवाला पहिलं काम मिळालं होतं. तिरुनीलक्कुडीच्या अलीकडे पद्मनाभनची बंद पडलेली भातगिरणी होती. तिच्या विहिरीत जुना पंप तुटून पडला होता. पंप काढायचा, गाळ उपसायचा आणि तळातून बोअर मारायची, असा पद्मनाभनचा बेत होता. शुक्रवारी कासव उतरेल. त्याने तळाची नीट माहिती आणली तर पुढचं ठरवू. नाही आणली, तर शनिवारी सकाळी दहाला नटराज उतरेल.

हरिणीसाठी सगळं त्या शुक्रवारावर येऊन थांबलं होतं.

२

बुधवारी तिन्ही मोटरी पिंपात गळाल्या.

कारण तिला पाठ होतं. बंद डबा पाण्यात कोरडा ठेवणं सोपं. झाकणाखाली रबराची कडी बसवली की झालं. पण पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, शाफ्टला, बाहेर पडायला भोक लागतं, आणि शाफ्ट फिरतो. फिरत्या गोष्टीभोवती घट्ट मिठी मारता येत नाही. दर दहा मीटरला पाणी आणखी एका वातावरणाच्या वजनाने त्या भोकावर रेलतं. ते दमत नाही आणि त्याला घाई नसते.

"हिंगे ये," मामा म्हणाला. इकडच्या मराठी घरांत पिढ्यानपिढ्या टिकलेली ती जुनी मराठी, इकडेला हिंगे आणि सगळ्याला अस्कं म्हणणारी, तो गाळ्यातही तिच्याशी बोलायचा. बाहेरचं माणूस आलं की तमिळ. त्याने बाकावरचा एक पंप चालू केला. शाफ्ट जिथून बाहेर येत होता त्या ग्लॅंडमध्ये तेलकट डोरीचे वेढे ठासलेले होते, आणि तिथून पाण्याचा एक एक थेंब खाली पडत होता.

"गळतोय," हरिणी म्हणाली.

"गळायलाच पाहिजे. थेंब सुटला की डोरी थंड राहते. तुम्ही शिकलेली माणसं अस्कं आवळून टाकता. मग काय होतं?" त्याने फळीवरचा एक शाफ्ट तिच्या हातात दिला. त्यावर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा होता, आणि पट्ट्यात केसासारख्या बारीक गोल रेघा. "हे डोरीचं काम. हा शाफ्ट नीट चालला. आणि हा बघ." दुसऱ्याचा पट्टा निळा-काळा जळला होता. "हा कोरडा आवळलेला."

"पण माझी मोटर आतून भिजेल, मामा."

"भिजू दे की. बोअरमध्ये सोडतो ती मोटर आम्ही आधी पाणी पाजून सोडतो. पोट भरलेलं असलं मणजे बाहेरचा किती का ढकलेना. आत पाणी, बाहेर पाणी. भांडण कशाचं?"

ती रात्रभर त्याच्यावर विचार करत राहिली असती, पण तसं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तारांना राळेचा लेप दिला की ही मोटर पाण्यात चालते. तळाशी नाण्याएवढा रबराचा पडदा बसवला की आतला-बाहेरचा दाब आपोआप जुळतो. सहा वर्षं ती पाण्याला बाहेर ठेवायला शिकली होती, आणि मामा त्याला आत बोलावून मोकळा झाला होता. कॅमेऱ्याचा डबा मात्र कोरडाच राहणार होता. त्यात फिरणारं काही नव्हतं, आणि शंभर मीटरपर्यंत तो टिकतो हे तिने नॉर्वेतच तपासलं होतं.

एका गोष्टीवर मामा अडला. "ज्या विहिरीत उतरायचं तिचंच पाणी पाजायचं. परक्या पाण्यावर मोटर रुसते. माझ्या बापाची रीत आहे."

"हे शास्त्र नाही, मामा."

"शास्त्र नाही. रीत आहे मेणून तर सांगतो."

नटराजने गिरणीच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून मोपेडवर आणून दिलं. संध्याकाळी त्यांनी मोटरींना ते पाजलं, बुडबुडा राहू नये म्हणून घरं ठोकली, बुचं आवळली आणि तिन्ही बाकावर ओळीने ठेवल्या.

३

गुरुवारी सकाळी तिन्ही मोटरींचे पडदे बाहेर आले होते.

पान कोंबलेल्या गालासारखे. मोटरी कोरड्या बाकावर उभ्या, बाहेर नुसती हवा. पडदा आत दबायचा तो पाण्यात, खोल गेल्यावर. बाहेर फुगायला आतून कुणीतरी ढकलावं लागतं.

ऊन, असं तिला आधी वाटलं. पण अजून आठ वाजले नव्हते आणि पितळ हाताला गार लागत होतं. मग वायू. गिरणीच्या विहिरीत कोंडा सडत असणार, त्याचा वायू पाण्यात मुरला असणार. हे पटण्यासारखं होतं. तिने बुचावर पाना लावला आणि अर्धा आटा फिरवला.

पाण्याची बारीक धार सुटली आणि सरळ आडवी जाऊन समोरच्या भिंतीवर आदळली. कॅलेंडर खिळ्यावरून उडालं.

हरिणीने पाना खाली ठेवला. कोंडलेल्या पाण्याचा दाब एका थेंबात संपतो. पाणी स्प्रिंगसारखं दबून राहत नाही. वायू असता तर फेस आला असता, वास आला असता. धार स्वच्छ होती. आणि ती मोटर पूर्ण रिकामी होईपर्यंत तशीच ताठ राहिली, शेवटच्या थेंबापर्यंत.

तिने कॅनमधलं उरलेलं पाणी तांब्यात ओतलं. ओतताना ते कुठल्याही पाण्यासारखंच वागलं. तिने कासवाचा खोली मोजणारा सेन्सर त्यात सोडला. चार बोटं पाणी. लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा आला: एकतीस मीटर.

सेन्सर नळाच्या पाण्यात घातला. शून्य. परत तांब्यात. एकतीस. दुसरा, कोरा सेन्सर पाकिटातून काढला. एकतीस.

मग तिने हात घातला. पाणी बोटांच्या मुळांपर्यंत आलं आणि तिचे कान बंद झाले. खोल सूर मारल्यावर होतात तसे, आतून दडपून. रस्त्यावरच्या बसचा हॉर्न लांब कुठेतरी वाजला. हात काढला, तशी बस परत गाळ्यासमोर आली.

मामा मागे कधी येऊन उभा राहिला होता ते तिला कळलं नव्हतं. त्याने बोटं बुडवली, थोडा वेळ ठेवली, पुसली.

"माझ्या सासऱ्यासारखं आहे," तो म्हणाला. "तांब्याभर माणूस. पण घरात बसला की अस्क्या घरावर दाब." मग त्याने तांब्यावर ताटली झाकली, आणि ताटलीवरचा त्याचा हात थोडा वेळ तिथेच राहिला.

"नटराजला सांगायला पाहिजे," ती म्हणाली.

"काय सांगशील?"

तिने सेन्सर पुसून कासवाच्या चौकटीत परत बसवला. उत्तर फक्त विहिरीत मिळण्यासारखं होतं.

४

शुक्रवारी दुपारी भाताच्या शेतांवर पिवळं ऊन होतं. सांबा भाताचं पीक कापणीला आलं होतं आणि गिरणीचं आवार मात्र गप्प, कोंड्याच्या वासाने भरलेलं. विहीर गोल, विटांची. पाणी कठड्याखाली दहा फुटांवर. पद्मनाभनच्या कागदावर एकूण खोली बेचाळीस फूट लिहिली होती.

"सहा वर्षं शिकलात त्याचं हे?" पद्मनाभन कासवाभोवती फिरत म्हणाला. माणूस वाईट नव्हता. धोतरासारखी पांढरी वेष्टी, खिशात दोन फोन, आणि गिरणी पुन्हा सुरू करायची घाई. "आमच्या नातवाकडे असंच आहे. त्याचं रिमोटवर उडतं तरी." त्याचा एक फोन वाजला आणि तो बोलत बोलत गोदामाकडे गेला.

नटराज कठड्यावर बसून केबल मोकळी करत होता. साठ मीटर केबल, दर मीटरला लाल पट्टी. लहानपणापासून तो तिला पाप्पा, म्हणजे छोटी, म्हणायचा. "पाप्पा, ह्याला पोहता येतं ना? का मीच हात धरून नेऊ?"

"आज तू वरच, अण्णा. कायमचा वर."

"मग खायला काय तू घालणार?" तो म्हणाला, पण हसत.

कासव पाण्याला टेकलं. पडद्यावर आकडा उमटला: एकतीस. अजून ते पुरतं बुडालंही नव्हतं.

पाण्यात दोन मीटर केबल गेली. नव्वद. डबा शंभरला फुटायला हवा. हरिणीने थांब म्हणायला तोंड उघडलं, आणि आकडा एकशे चाळीस झाला, आणि डबा फुटला नाही. विटांचे थर कॅमेऱ्यासमोरून शांतपणे वर जात होते. पाच मीटरला आकडा तीनशेवर जाऊन थांबला. सेन्सरला त्यापुढे मोजता येत नव्हतं.

कॅमेऱ्याच्या वरच्या कडेला कासवाला तरंगतं ठेवणारा थर्माकोलचा तुकडा दिसत होता. तो लहान होत होता. तिला बोटीवरचे दिवस आठवले. उपकरण खोल समुद्रात सोडताना विद्यार्थी थर्माकोलच्या पेल्यावर आपली नावं लिहून त्याच्यासोबत बांधायचे. दोन-तीन हजार मीटर खाली जाऊन पेला परत यायचा तो शिंप्याच्या अंगुस्तानाएवढा, नाव तेवढंच बारीक होऊन. हा तुकडा तसाच आक्रसत होता. भातशेतांच्या मधोमध, बेचाळीस फुटांच्या विहिरीत.

"ओढतंय," नटराज म्हणाला. आता त्याचा आवाज हसरा नव्हता. तरंगतं अंग गेल्यावर कासव जड झालं होतं आणि केबल त्याच्या तळव्यांतून आपणहून सरकत होती. दहा पट्ट्या. चौदा. तळ इथे असायला हवा होता. शेवटचा विटांचा थर वर गेला आणि त्यानंतर दिव्याच्या उजेडात काहीच आलं नाही. वीस. चाळीस. साठाव्या मीटरला केबल कठड्याच्या कडीत ताणून उभी राहिली.

पंखे मात्र चालत होते. रिकामी झालेली मोटरही कठड्यावर पुन्हा भरून घेतली होती; तिन्हींच्या पोटात तिथलंच पाणी होतं. त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं.

५

आधी तिला वाटलं, भिंत आहे.

राखाडी, गुळगुळीत, उजेडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. किंचित, अगदी किंचित बाहेर आलेली. तिच्यावर केसासारख्या बारीक आडव्या रेघा होत्या, एकमेकींना समांतर, संपूर्ण भिंतभर. दगडावर अशा रेघा नसतात. तिने त्या कुठेतरी पाहिल्या होत्या, आणि कुठे ते आठवायला तिचं मन तयार नव्हतं.

मग डावीकडून एक तिरपा ओरखडा आला. हळू, मिरवणुकीतल्या रथाच्या गतीने तो समोरून गेला आणि उजवीकडे दिसेनासा झाला.

आपलं कासव फिरतंय, तिने स्वतःला सांगितलं. केबलला पीळ पडला असेल. तिने होकायंत्राकडे पाहिलं. काटा उत्तरेला, ढिम्म. तिने पंखे बंद केले. काटा ढिम्म. रेघा समोरून वाहत राहिल्या.

मामा तिच्या खांद्यामागून वाकला होता. "पट्टा," तो एवढंच म्हणाला. चाळीस वर्षं तो शाफ्टांवरच्या त्या रेघा हाताने चाचपत आला होता.

नटराज केबल धरून होता. तो कठड्यावरून विहिरीत बघत होता. "पाणी चढलं," तो म्हणाला. "बोटभर." त्याच वेळी पडद्यावर गाळाचे कण खालून वर उचलले गेले, थोडे थांबले, आणि परत स्थिर झाले. काही मिनिटांनी पुन्हा. "ही विहीर उन्हाळ्यातही आटत नाही, पाप्पा. माझे अप्पा सांगायचे."

तेवीस मिनिटांनी तोच तिरपा ओरखडा परत डावीकडून आला. तेच टोक, टोकाशी तोच छोटा टवका.

एक फेरा तेवीस मिनिटांचा. ओरखडा सेकंदाला किती सरकतो ते पडद्यावर दिसत होतं. म्हणजे घेर काढता येत होता, आणि घेरावरून जाडी. हरिणीने वही गुडघ्यावर घेतली, दोन आकडे एकाखाली एक लिहिले, मध्ये गुणाकाराची खूण केली, आणि पेन्सिल थांबली. कुणाला आकार विचारायचा आणि कुणाला नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी तिला कळलं. शेतावर बगळे बसले होते. रस्त्याने कुंभकोणमची बस गेली. आपण ज्याच्यावर बसलो आहोत ते फिरतंय, आणि केव्हापासून कुणास ठाऊक नीट फिरतंय, ह्या एका विचाराने तिचे डोळे भरून आले. भीती होती, पण ती फार मागे, दाराशी उभी होती.

तिने पायातल्या चपला काढल्या. का, ते तिला सांगता आलं नसतं. मामाने आधीच काढल्या होत्या.

६

तिघांनी मिळून कासव वर ओढलं. थर्माकोलचा तुकडा चिंचोक्याएवढा झाला होता. कॅमेऱ्याचा डबा उघडला तर आत काठोकाठ पाणी. झाकणाखालची रबरी कडी आपल्या खाचेत, कुठेही न हललेली, न चिरलेली. पाणी शिरायला वाट नव्हती. शेवटच्या क्षणापर्यंत चित्र येत होतं. आता मेमरी कार्ड मेलं होतं आणि चित्रण गेलं होतं.

पद्मनाभन परत आला. "काय दिसलं?"

"सेन्सर तीनशे मीटर दाखवतोय," हरिणी म्हणाली. तिच्या तोंडून खरंच निघालं. तिला दुसरी सवय नव्हती.

तो मनापासून हसला. "तीनशे? मग पंप श्रीलंकेत पोचला असेल. असू दे, अम्मा, पहिल्यांदा असं होतंच. उद्या दहाला नटराज बघेल. माणसाच्या हाताला कळतं ते यंत्राला नाही कळत." आणि तो गाडीत बसून गेला.

नटराज केबल गुंडाळत राहिला. "अप्पा एकदा उतरले होते हिच्यात," तो म्हणाला. "वर आले आणि दोन दिवस बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, शेवटच्या विटेखाली हात घालायचा नाही."

"मग तू नाही म्हण, अण्णा."

"मी नाही म्हटलं तर म्हणतील, भाऊ गेल्यापासून घाबरतो. मग दुसऱ्या विहिरीला कोण बोलावेल?" त्याने केबलची शेवटची गाठ मारली. "मी नाही म्हटलं की ती भीती. तुझ्या यंत्राने नाही म्हटलं की ते शास्त्र. पण तुझं यंत्र तर तीनशे म्हणालं."

तो चिडला नव्हता. मुरुगैयनही असाच बोलायचा, दम धरायच्या आधी, शांतपणे.

७

शनिवारी सकाळी सहाला हरिणी गाळ्यातल्या बाकावर बसली होती. समोर कोरा अहवाल. मामाने पितळी पेल्या-वाटीत, डबऱ्यात, कॉफी आणून ठेवली आणि तिच्यासमोर स्टुलावर बसला.

मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे ती पहिल्या वर्षी शिकली होती आणि तिने ते एकदाही मोडलं नव्हतं. त्याच एका नेमावर ती परत आली होती. खरा आकडा लिहिला तर पद्मनाभन पुन्हा हसेल, आणि दहा वाजता नटराज उतरेल. गाळ उपसेल, शेवटच्या विटेखाली हात घालेल. त्याच्या मागून बोअरचं यंत्र येईल, आणि तो लोखंडी दांडा खाली कशाला टेकेल ते तिने पाहिलं होतं.

तिने लिहायला घेतलं. खोली: बेचाळीस फूट. तळ: गाळ, त्यात विषारी वायू. माणसाने उतरू नये. विहिरीवर जाळी बसवावी. ती बुजवू नये, तिचं पाणी अडवू नये, तळाला बोअर मारू नये.

मामाने कागद उलटा फिरवून वाचला. "वायू तू मोजलास?"

"नाही."

"बेचाळीस फूट?"

"नाही, मामा."

त्याने कागद परत तिच्याकडे सरकवला. पहिल्या दोन ओळी खोट्या होत्या. बाकीचं आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही ओळीइतकं खरं होतं. हरिणीने खाली पूर्ण नाव लिहिलं, पदवी लिहिली, शिक्का मारला, आणि दहाच्या आत गिरणीवर पोचायचं म्हणून आठची बस पकडायला उठली.